आठकोनी कट्टा, मोजमाप

सव्वासातला पोचले, टेप आणि पुस्तिका घेऊन.
बागेचं फाटक अर्धंच उघडतं,
दुसऱ्या अर्ध्याला बिजागरी नाही, सुतळी आहे.
आत हास्यक्लबवाले नुकतेच हसून संपले होते
आणि गंभीर चेहऱ्यानं चपला शोधत होते.

बाजू आठ. प्रत्येक नऊ फूट चार इंच,
फक्त उत्तरेची नऊ फूट एक.
पुन्हा मोजली. तेवढीच.
तीन इंच कुठे गेले
ते त्या वेळच्या गवंड्यालाच ठाऊक.
खांब ओतीव लोखंडाचे,
एकाला रसवंतीची पाटी तारेनं आवळलेली.
वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी फळ्या,
फळ्यांच्या सांदीत पारव्यांचे संसार.
समोर अर्धगोल बाकं, सहा ओळी,
दगड काळा, गंगेच्या घाटावरचा असतो तसा,
बसून बसून मधोमध खोलगट झालेला.
खोलगटपणाला आमच्याकडे रकाना नाही.
मी लिहिलं : झीज, सर्वसाधारण.

"दुसरं टोक धरू का, बाई?"
कानाला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट,
निफाडकडून आलेला गारठा तेव्हा शहरात
कुणालाच धड बोलू देत नव्हता.
नाव विचारलं. म्हणाले,
लहानू गांगुर्डे, क्लॅरिनेट.
आडनावामागून वाद्य,
जसं कुणी गावाचं नाव जोडतं.

टेप धरून ते बोलत राहिले, मी आकडे लिहीत राहिले.
शनिवारी पाच ते सात इथं बँड असायचा.
लग्नातला नाही, बसून ऐकायचा.
"लग्नात आम्ही चालायचो, लोकं नाचायची,
चूक झाली तरी वरातीबरोबर पुढं निघून जायची.
इथं चूक इथंच राहायची. समोरच्या बाकावर बसायची.
पहिल्या दिवशी पाय असे लटपटले
की ड्रमवाल्यानं विचारलं, तू वाजवतोस का मी?"

बारा फूट सहा. अकरा फूट नऊ.

"भोंग्याला पोचा आला की तांबट आळीत न्यायचो.
तो हातातला हंडा खाली ठेवायचा,
भोंगा मांडीवर घ्यायचा, लेकरू घ्यावं तसा.
सूर त्याला कळत नव्हता हो, पोचा कळायचा.
पोचा निघाला की सूर आपलाआपण यायचा."

आता वाजवता का, मी विचारलं.
त्यांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या.

मग मी अंदाजपत्रक सांगितलं :
फळ्या काढायच्या, फायबर बसवायचं,
वॉरंटी दहा वर्षं, पारवे येणार नाहीत.
ते काही बोलले नाहीत.
मला सगळ्यात मागच्या ओळीत जाऊन बसायला सांगितलं,
आणि स्वतः, गुडघ्यावर हात टेकत,
तीन पायऱ्या चढून मधोमध उभे राहिले.

ओरडतील असं वाटलं.
ओरडले नाहीत.
शेजारच्याला पाणी मागावं इतक्या हळू म्हणाले,
"गार आहे ना दगड?"

ते वाक्य माझ्या कानाशी आलं.
रस्त्यावर शहर बस गिअर बदलत होती,
माळी पाइप ओढत होता,
आणि त्या सगळ्यांच्या अलीकडे, अगदी अलीकडे,
एका दात नसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा.

हो, मी म्हणाले. तितक्याच हळू.
त्यांना ऐकू आलं नाही.
इथून तिकडे जात नाही, ते म्हणाले,
तिकडूनच इकडे येतं.

मग मला उत्तरेकडची बाजू आठवली.
ते तीन इंच आवाजासाठीच सोडले असतील ना?
ते इतके हसले की मफलर सुटला.
"गवंडी प्यालेला असेल, बाई."

शेऱ्याच्या जागी पेन्सिलनं लिहिलं :
फळ्या ठेवाव्यात. कारण
आणि कारणापुढे बराच वेळ काहीच नाही.
साहेब खोडतील. खोडरबर त्यांच्याकडे नेहमी असतं.

शेवटचं माप बाकांपासून कट्ट्यापर्यंतचं.
एकोणतीस फूट, काहीतरी इंच.
आकडा लिहून झाल्यावर मी म्हणाले, सोडा आता.
टेप हवेत ताणलेली राहिली,
थोडी थरथरत.