मागची खाच

आइलीनं रायफल टेबलावर ठेवली,
सरपण टाकावं तशी.
म्हणाली, खाच दिसते तेव्हा माशी दिसत नाही,
माशी दिसते तेव्हा एल्क दिसत नाही,
आणि एल्क दिसतो तेव्हा, उर्पो,
मला नुसता एल्कच दिसतो.
बघत बसते मग मी, खुळ्यासारखी,
आणि तो निघून जातो.

एकाहत्तर वर्षांचे डोळे.
तिन्ही गोष्टी एका रेषेत धरायच्या
आणि तिन्ही ठळक हव्यात,
हे चाळिशीपर्यंतच जमतं, असं डॉक्टर म्हणाला तिला.
ती म्हणे, मग मी तीस वर्षं फुकटात ओढली की.

दुर्बीण तिनं आणली होती पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
पावतीसकट, कुह्मोहून, बसनं.
दुर्बिणीचा पाया बसणार नळीवर,
त्या खाचेच्याच जागी.
म्हणून खाच काढायची. एवढंच काम.
कॉफी होईस्तोवर होईल, मी बोलून गेलो.

इथंच माशी शिंकली.

रॉकेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं.
व्हाइसच्या जबड्यात चामडं घालून नळी आवळली,
पितळेचा पंच टेकवला डावीकडून,
कारण डावीकडूनच काढतात;
मला ज्यानं शिकवलं
त्यालाही कुणी तसंच शिकवलेलं.
ठक.
ठक, ठक.
पंचाच्या टोकाला अळंब्याची टोपी आली,
खाच जागची हलेना.
गरम हवा दिली. पुन्हा रॉकेल. पुन्हा ठक.
दुसरा दिवस असाच गेला.
तिसऱ्या दिवशी ती परत आली
आणि तिच्यादेखत माझ्या तोंडून शिवी गेली,
रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईदेखत.
तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं,
बिस्किट कॉफीत बुडवलं,
आणि म्हणाली,
बाबा डावखुरे होते.

मी हातोडी खाली ठेवली.
म्हणजे त्यांनी ती डावीकडूनच ठोकून बसवली असणार,
आणि तीन दिवस मी
त्यांचंच काम पुढं नेत होतो,
दर ठोक्याला आणखी थोडं घट्ट.

नळी उलट फिरवली. उजवीकडून एक ठोका,
शेजारी मीठ मागायला दार वाजवतो
तेवढाच.
निघाली.

खाली पोलाद निळंशार, पासष्ट वर्षं हवा न लागलेलं,
आणि पत्र्याचा एक तुकडा, नखाएवढा,
खाच डुगडुगू नये म्हणून दाबून बसवलेला.
चिमट्यानं उचलला. एका अंगाला लाल रंग,
अर्धं अक्षर, काठाला सोनेरी रेघ.

आइलीनं चष्मा चढवला.
कॉफी निवली तरी बघतच होती.
हे आईच्या कॉफीच्या डब्याचं झाकण, म्हणाली.
मी सहा वर्षांची.
कात्री कुणी लावली, म्हणून माझे कान पिळले,
त्या शनिवारी सॉनानंतर मला पॅनकेक नाही.
बाबा तिथंच होते, बुटांना चरबी चोळत.
एक शब्द बोलले नाहीत.
चोळत राहिले, चोळलेलाच बूट.

मग तिला हसू फुटलं,
ते आवरेना, आणि शेवटी शेवटी
ते हसूच आहे का, हे मी विचारलं नाही.

दुर्बीण बसली. चार स्क्रू, सगळे आज्ञाधारक.
बोल्ट माझ्या खिशात ठेवून
ती चौकटीला टेकली, तळ्यापार बघितलं.
लौरीनं होडीला डांबर लावलं एकदाचं, म्हणाली,
पण बुडाशी कंजुषी केलीय.

पैसे मोजून दिले. जुनी खाच नको म्हणाली,
खिळ्यांच्या डब्यात टाक.
पत्रा मात्र मागून घेतला,
हातमोज्याच्या अंगठ्यात सारला.
चारची बस गाठायचीय ना, मी विचारलं.
ती जाऊ दे, म्हणाली, सहाची आहे की.
चर्चच्या मागं जरा जाऊन येते,
आईला दाखवते.