तिरका काप

मचवा दोन फुटांचा होणार होता,
एकास वीस.
आजोबांचा. आम्ही कुणी तो पाहिला नाही,
बांनी पाहिला सहा वर्षांचे असताना,
रेती उतरवून रिकामा, ओहोटीत कलंडलेला.
फोटो नाही. मापं त्यांच्या डोक्यात,
तीही वितेत.

करावे गावातली मागची खोली.
खाडी आता पाम बीच रोडच्या पलीकडे,
वारा मात्र रस्ता ओलांडून येतो अजून.
बांनी खिडकी लावली, पंखा बंद केला,
ओल आत यायला नको.

पठाणाला अखंड लाकूड मिळालं नाही.
तुर्भ्याच्या फर्निचरवाल्याकडचे सागाचे दोन तुकडे,
एक चौदा इंच, एक अकरा.
मी म्हटलं, टोकाला टोक लावू, फेविकॉल आहे घरात.
बा हसले.
तोंडाला तोंड लावलं की लाकूड
सगळा गोंद पिऊन टाकतं
आणि वरून कोरडंच राहतं.

चाळीस वर्षं रबाळ्याच्या टूलरूममध्ये
मिलिमीटरचे शंभर भाग करत आलेला माणूस.
दोन्ही तुकड्यांना लांब तिरका काप दिला, जाडीच्या आठपट.
रंध्यानं अंग आरशासारखं झालं
तर त्यावर परत खरखरीत कागद फिरवला.
"गुलगुलीत अंगाला काय धरत नाय गो."

मग हातड्रिल, एक मिलिमीटरचं पातं.
तीन भोकं, तीन पितळी तारा,
आणि प्रत्येक तारेला कानशीनं एक बारीक चर,
आत कोंडलेल्या हवेला
बाहेर पडायला वाट हवी म्हणून.
हे एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं कधी.

दिवाळीपासून बांचा अंगठा थरथरतो.
दाबायला चिमटे होते, रबरं होती,
पण दोन्ही टोकं एका ओळीत धरायला माणसं लागणार होती, दोन.
भूपेशला हाक मारली त्यांनीच.
तो आला. हेल्मेट हातातच.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या सहीनंतर
चौदा महिने आम्ही एका गल्लीत राहतो
आणि वेगवेगळ्या वेळी दूध आणतो.

दोन नळ्या, समान थेंब.
सिडकोच्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर
बांनी काडीनं घोटलं, रंग मधासारखा येईपर्यंत.
काप भरला, तारा बसवल्या, चिमटे लावले.
"धरा."

पाच मिनिटं.
त्याचं टोक नाळेचं, माझं वरांडाचं.
त्याच्या मनगटावरचं घड्याळ नवं होतं.
नखाखाली ऑइल.
तो म्हणाला, तुझं टोक वर जातंय.
मी म्हटलं, तुझंच खाली जातंय.
बा खाली वाकून, एक डोळा मिटून
दोघांमधून आरपार पाहत होते.
"अजून सोरू नका."

मग सोडलं.
चहाला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी बांनी उरलेल्या गोंदानं जोडलेली चिपाटं
शेगड्यात धरून मोडली, मुद्दाम.
जोड राहिला, शेजारचं लाकूड फाटलं,
आणि ते इतके खूश झाले
की वरच्या मजल्यापर्यंत दाखवून आले.
मी त्यातून काही शिकले असं म्हणणार नाही.
प्लॉटचा कागद कपाटात आहे तिथेच आहे.
गोंदाला फक्त लाकूड कळतं.

बाहेर आलेला गोंद घासायचं काम माझं.
पठाणाच्या खालच्या अंगाला
भूपेशच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेषेन् रेष.
घासला मी. रंगाखालून दिसला असता.
आतल्या बाजूला आणखी एक होता, अर्धा,
फळ्या बसल्या की कुणाला दिसणार नव्हता.
तिथे कागद पोचत नाही असं बांना सांगितलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
आत वाकून पाहिलं,
आणि पहिली फळी मागितली.