काटा

पारोळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून
साठ टनी काटा. त्याच्या केबिनमध्ये मी.
कापसाचे ट्रॅक्टर, मक्याचे आयशर,
भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी,
पावती फाडून खिडकीतून बाहेर.

मंगळवारी रात्री नऊला शटर अर्धं ओढतो,
मोबाइल पावतीपुस्तकाला टेकवून उभा करतो
आणि सांगलीहून शर्वाणी मॅडम येतात.
आधी आवाज, मग हनुवटी, मग सगळा चेहरा.
रेंज फक्त या खिडकीशी.
घरी भिंती पत्र्याच्या,
पत्र्यापलीकडे चुलत भाऊ.

पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, अंगात कुठे जाणवतं?
असं कुणी विचारत नाही आमच्याकडे.
आमच्याकडे विचारतात, जेवना का?
मी म्हणालो, छातीवर कोनी बठेल शे.
बठेल म्हणजे?
बसलेलं, मॅडम.
त्यांनी ते लिहून घेतलं.
जन्मात पहिल्यांदा कुणी माझी पावती करत होतं.

पुढच्या वेळी श्वास. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
मला हसू आलं, मोजायचाच तर पगार घेतो.
पण काटा दहा-दहा किलोने मोजतो.
चार किलोची पिशवी ठेवा, शून्य दाखवेल.
आमचे वडीलही असेच होते.
ताप एकशे दोनच्या पुढे गेला
की त्यांना पोरगा आजारी दिसायचा.

सहाव्या मंगळवारी ठरवून बोललो.
जिनिंगची आग. फाल्गुनात दोन वर्षं होतील.
रुई आधी आतून जळते, मॅडम,
वरून पांढरीच दिसते, तासन् तास.
मी दाराशी होतो.
भटू आत, गंजीच्या मागे.
आणि मी हात घातला तो टेबलावर.
वजनाची वही उचलली आणि पळालो.
वही वाचली. मालकाने पाठ थोपटली.
भटू धुळ्याला सिव्हिलमध्ये अकरा दिवस होता.
तेव्हापासून योजनाने गॅस पेटवला
की मी उठून अंगणात जातो.
तिला वाटतं, तिच्यापासून उठून जातो.

एवढं बोलून वर पाहिलं
तर मॅडमचे डोळे अर्धे मिटलेले,
ओठ एका बाजूला,
पडदा गोठलेला. कधीपासून, देव जाणे.

हॅलो. हॅलो. येतंय का आता?
कुठपर्यंत ऐकू आलं?
"'मी दाराशी होतो', इथपर्यंत."

बाहेरून एक टँकर हॉर्न देत गेला.
तो जाईपर्यंत मी गप्प.
मग परत सांगितलं. या वेळी थोडक्यात.
वही आधी, भटू नंतर,
घडलं त्याच क्रमाने.
त्या काही बोलल्या नाहीत, पण पडदा गोठला नव्हता.
त्यांच्या मागे पंखा फिरत होता.

तेव्हा नजर डिस्प्लेवर गेली.
लाल आकडा: साठ.
वाऱ्याने शून्याचे दहा होतात कधी, परत शून्य.
साठ होत नाहीत.

काट्याच्या मधोमध योजना, हातात डबा.
महिनाभर तिला वाटत होतं, मंगळवारी कुणी बाई असते.
बाई होतीच.
मॅडमनी एकदा ऐकलं,
हिने दोनदा, आणि पहिल्यांदाचं पूर्ण.

"भाकर थंडी व्हई गयी," ती म्हणाली.
मग बराच वेळ हायवेकडे बघत राहिली.
"भटूभाऊनी बायको माले दर बाजारमा भेटस.
माले काबर नही सांगं?"

आतून मॅडम विचारत होत्या, तुम्ही आहात ना?
आहे, म्हणालो,
आणि वाकून शटरखालून बाहेर आलो.
लोखंड दिवसभराचं तापलेलं, अजून चटका देणारं.
तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

डबा आता दोघांच्या मध्ये होता.
आत आकडा बदलला असेल.
मॅडमना तिकडून
रिकामी खुर्ची दिसत असणार.