दुसरी पायरी

मंगळवारी, शटर अर्धं खाली ओढल्यावर,
रावपुऱ्याच्या शाखेत मी फळ्यावर दोन शब्द लिहिले:
पायरी. घटक.
समोर अकरा जण, सेव-उसळीच्या रिकाम्या ताटल्या,
आणि घरी जायची घाई.

म्हटलं, आधी पासवर्ड टाकायचा, मग ईमेलवर आलेला कोड.
झाल्या दोन पायऱ्या.
पण ईमेललाही तोच पासवर्ड असेल
तर दोन पायऱ्या चढलो खरं, जिना मात्र एकच.
चोरालाही तेवढाच चढायचा.
घटक वेगळा हवा.
एक गोष्ट ठाऊक असलेली, दुसरी जवळ असलेली,
नाहीतर अंगाचीच: बोट, डोळा.

परमारबेननी लिहून घेतलं.
जाडेजानं विचारलं, परीक्षेत येणार का हे.

मागच्या खुर्चीत शितोळे काका, स्ट्राँगरूमचे,
या एकतीसला निवृत्त होणारे.
"बेन, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत देसाईसाहेबांचे सासरे गेले.
साहेब रातोरात नडियादला.
निघताना त्यांची किल्ली माझ्या हातात दिली.
माझी माझ्याकडे होतीच.
तीन दिवस सुट्टी.
कुलपं दोन, किल्ल्या दोन,
आणि मी एकटा."

ताटल्या गोळा करणारा पोरगाही थांबला.

"ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात.
मला झोप येईना.
कोणी आलं तर, याची भीती नव्हती.
मग साहेबांची किल्ली बायकोला दिली.
म्हटलं, तांदळाच्या डब्यात खोल पूर,
आणि मी मागितली तरी देऊ नकोस."

"मागितलीत?"

काका फळ्याकडे बघत राहिले.
"चौथ्या दिवशी साहेब स्वतः घरी आले.
तिनं त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.
दारातच विचारलं,
सासऱ्यांचं नाव काय तुमच्या?"

मी खडू खाली ठेवला.
पुढच्या तीन स्लाइड दाखवल्याच नाहीत.

रात्री कारेलीबागेत, उशीजवळ फोन.
त्यातच सगळ्या पासवर्डांची यादी,
त्यातच टिंग करून येणारा कोड,
आणि तो उघडायला मुलाची जन्मतारीख,
जी शेजारच्या जिग्नाबेनलाही पाठ आहे.

अंधारात नवऱ्याला हलवलं.
"आपला तांदळाचा डबा कुठेय रे?"
"खालच्या कप्प्यात," तो कूस बदलत म्हणाला.
"का? भूक लागली?"