वीस बाय ऐंशी

मुसल्लमनं खिशातून कागद काढला.
त्यावर एकच आकडा: वीस.
"वीसपट दिसलं पाहिजे. लांबून. हरणं."

रुवीतल्या आमच्या दुकानात
गिऱ्हाईक येतं चाळिशीच्या चष्म्याला,
फार तर नाकावरची पट्टी बदलायला.
मी स्टुलावर चढून वीस बाय ऐंशी उतरवली,
खालून हात घालून, तान्ही असल्यासारखी.
सव्वादोन किलो.
काउंटरची काच कुरकुरली.

मग माझं नेहमीचं सुरू झालं:
पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाची रुंदी,
दुसऱ्याला पहिल्यानं भागा,
कळेल डोळ्यात उजेड किती उतरतो.
आठ-बेचाळीसला सव्वापाच, हिला चारच.
आणि हाताची थरथरही वीसपट होते, ती फुकट.
तो हसला नाही.
दारात जाऊन त्यानं ती डोळ्यांना लावली.
समोर बोडका डोंगर, डोंगरावर टॉवर,
टॉवरवर कावळा.
"कावळा म्हणजे हरीण नाही, दिगम," तो म्हणाला.
(दिगंबर आहे मी. सतरा वर्षांत
'बर' कुणाच्याच तोंडी टिकलेलं नाही.)

गुरुवारी दुकान बंद करून
तीन दुर्बिणी, एक तिवई,
आणि कोयासाहेबांचा दम: ओरखडा दिसला तर पगारातून.
हैमापर्यंत रस्ता सरळ,
इतका सरळ की मुसल्लम मधेच उगाच
स्टिअरिंग हलवून बघायचा.

पहाटे गाडीच्या टपावर पाणी.
मी आजऱ्याकडचा, धुकं मला नवं नाही,
पण हे धुकं गवताविना, झाडीविना,
नुसत्या खड्यांवर पसरलेलं,
जणू चुकून दुसऱ्याच्या घरी झोपलेलं.

"तिकडे," मुसल्लम म्हणाला.
नुसत्या डोळ्यांनी. एका डोळ्यात मोतीबिंदू धरलेला.
मला काहीच नाही.
आठमधून: दगड.
दहामधून: दगड, पण त्याला कान.
तिवईवर वीस चढवली, श्वास धरला,
आणि ती आली,
पापणीवरच्या थेंबासकट आली,
बाभळीच्या खालच्या फांदीवरची ओल चाटत,
शेपूट टिकटिक हलवत,
दोन किलोमीटरवर, आणि माझ्या नाकासमोर.
मी बिल कोऱ्या कागदावरच लिहायला घेणार होतो.

"थांब," तो म्हणाला. "ऊन येऊ दे."

नऊ वाजता जमीन उकळायला लागली.
वीसमधून आधी हरणीचे पाय विरघळले,
मग पोट,
मग नुसती शिंगं पाण्यावर तरंगत राहिली,
त्या पाण्यात उलटी हरीण, उलटी बाभळ.
जेवढी दुर्बीण मोठी, तेवढं तळं मोठं.
दहामधून मात्र ती अजून हरीणच होती,
बारीक, डळमळीत, पण चार पायांवर.

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे याला मृगजळ म्हणतात.
हरणाला पाणी वाटतं, ते मागे धावतं,
धावत धावत मरतं.
मोडक्या अरबीत सांगायला मला वेळ लागला,
त्याला कळायला त्याहून जास्त.
मग तो इतका हसला की थर्मासचा कहवा सांडला.
"हरीण? पाण्यामागे?
ती पहाटेच पिऊन झाली, तू बघितलंस.
धावतात ते टँकरवाले."
आणि माझ्याकडे बघून तो गप्प झाला,
मग खजूर पुढे केला.

दहा बाय बेचाळीस घेतली त्यानं.
पैसे मोजून, वर अर्धा रियाल
सांडलेल्या कहव्यानं चिकट झालेल्या माझ्या कागदासाठी.

वीस परत वरच्या फळीवर आहे.
तिवईच्या स्क्रूपाशी केसाएवढा ओरखडा,
कोयासाहेबांना अजून दिसला नाही,
त्यांचा चष्मा मीच बनवतो.
परवा एक पोरगा आला, नवी नोकरी, नवी गाडी.
हिच्यातून किती लांबचं दिसतं, म्हणाला.
मी म्हटलं,
सकाळी नऊपर्यंतचं.