अर्धं बोट मागे

वर्तकनगर, इमारत चौदा, मागची खोली.
पूर्वी इथे आईचं शिलाई मशीन होतं,
आता डाकोटा आहे.
म्हणजे प्लायवुड, तीन पडदे आणि सहा दांडे:
दोन पंख्यांचे, दोन थ्रॉटलचे, दोन मिश्रणाचे,
वागळे इस्टेटमध्ये जेवणाच्या सुट्टीत
मी स्वतः लेथवर कातलेले.
शिराज म्हणाला, एवढ्या वेळात बुशिंगची एक ऑर्डर निघाली असती.

रविवारी टिपणीसकाकांना बोलावलं.
तळमजला, वय एक्याऐंशी,
ऐन उमेद गेली चौदा सिलिंडरच्या इंजिनांखाली,
डाव्या कानात यंत्र. उजव्यात आता तेही नाही.

मी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.
"झालं?"
"हो."
"असं?"
आणि त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं
फ्रीझरमधून निघालेल्या पुरणपोळीकडे पाहावं तसं.

मग सांगत बसले.
आधी पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत,
रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरलेलं असतं,
तसंच सुरू केलंस तर रॉड वाकलाच म्हणून समज.
मग प्रायमर. थंडीत चार दट्टे, मे महिन्यात दीड.
दीड म्हणजे?
"दीड म्हणजे दीड."

मी लिहून घेत होते.
जोर वाढवताना आधी मिश्रण, मग फेरे, मग थ्रॉटल.
कमी करताना उलटं.
हे माझ्या प्रोग्रॅममध्ये होतं,
चुकलं की सिलिंडर तापायचा, काटा लाल पट्टीत.
तेव्हा पहिल्यांदा मान डोलावली त्यांनी,
आणि दांड्यांवर हात ठेवला.
पुढे. मागे. पुन्हा पुढे.

"दोरी नाही याला."

दोरी म्हणजे पोलादी केबल,
मुठीपासून निघून, फळ्यांखालून, कप्प्यांवरून,
पंखातून कार्बोरेटरला जाऊन भिडणारी.
तिला वजन असतं.
पहाटे ती वेगळी असते, दुपारी उन्हात वेगळी.
"आणि हे दोघे तुझे जोडीने चालतायत.
जोडीने कधी चालत नसत.
डावा अर्धं बोट मागे असायचा.
नवा पायलट मुठी सारख्या करायला बघायचा,
जुना काटे सारखे करायचा. मुठी राहू दे वाकड्या."

माझे दोन्ही दांडे एका मापात होते, केसाचाही फरक नाही.
मला त्याचा अभिमान होता.

नौपाड्यातल्या गॅरेजवाल्याने
स्कूटरच्या क्लचच्या जुन्या केबल दिल्या, फुकट.
चार कप्प्या. दारामागून, कपाटावरून बाल्कनीत,
तिथे गुलबक्षीच्या कुंडीशेजारी लोंबती
तूरडाळीची पिशवी, दीड किलो.
डाव्या दांड्याचं भोक मुद्दाम सरकवून पाडलं,
आयुष्यात पहिल्यांदा ड्रॉइंगच्या विरुद्ध.
ड्रिल खाली आणताना हात कापला माझा.

पुढच्या रविवारी काकांनी
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.
दोन्ही इंजिनं चालू होती, सूर जमत नव्हता,
व्वंऽऽ व्वंऽऽ असा घुमारा खोलीत हेलकावत होता,
खुर्चीखाली मी मिक्सरच्या दोन मोटारी बांधल्या होत्या.
त्यांनी एक तळवा टेबलावर पसरला,
दुसऱ्या हाताने उजव्या पंख्याचा दांडा केसभर,
मग त्याच्याही निम्मा,
घुमारा लांबला,
लांबत गेला,
सपाट झाला.
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.
ऐकली ती फक्त मी.

शेवटी मिश्रण मागे.
पडद्यावर पाती अडखळत थांबली.
आणि काकांनी न बघता
एक हात मागे केला, तळवा उघडा, बोटं किंचित वाकलेली.
मला कळेना.
मग धावत जाऊन ओट्यावरचं फडकं आणून दिलं.
एकेक बोट पुसलं त्यांनी, नखांच्या कडासुद्धा,
फडकं उलटून पाहिलं: कोरं.

कपाळावर आठी.
"ठिबकत नाही कुठेच," म्हणाले,
"आधी तेल बघ. संपलंय."