कान्याचा खिळा

गीत क्रमांक एकशे बेचाळीस. विषय: प्रार्थना.
खाली बारीक टायपात एवढंच: शां. लोंढे.
चाल त्यांचीच, ताल धुमाळी,
आणि तिसऱ्या कडव्यात एक मात्रा कमी.

भायखळ्याच्या आमच्या देवळात
बावीस वर्षं मी पेटीवर हे गीत धरते
आणि दर वेळी त्या ओळीशी
माझी करंगळी अधांतरी राहते.
'शब्द सरले, मग तू'
पुढे खड्डा.
मंडळी तिथे श्वास घेते. कुणी खाकरतं.
नवे पाळक म्हणाले, बाई, एखादा 'रे' घाला की तिथे.

म्हणून मी माझगावला गेले,
बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत, त्यांच्या लेकीकडे.
सलोमीबाई एक्याऐंशीच्या, कान अजून तिखट.
"पप्पा खिळे जुळवायचे," म्हणाल्या,
"छापखान्यात, रात्रपाळीला.
लग्नपत्रिका, उपासनेची पत्रकं, युनियनच्या नोटिसा.
उलटं झरझर वाचायचे, सरळ वाचताना अडखळायचे.
आणि गुडघे? उभं राहून राहून गेलेले.
गीतात 'गुडघे टेकुनी' लिहिलंय खरं,
स्वतः मागच्या बाकाला धरून उभे."

बिस्किटांच्या डब्यातून वही निघाली.
निळी शाई, कडेला तेलाचा डाग:
'शब्द सरले, माग तू.'

माग!
मी टेबलावरच बोटांनी ठेका धरला.
मात्रा भरली. करंगळीला घर मिळालं.
"म्हणजे छापताना चूक झाली?"

"जुळवलं त्यांनीच. प्रूफही त्यांनीच वाचलं.
त्या रात्री केसमधला कान्याचा खण रिकामा होता म्हणे,
कुठल्याशा उमेदवाराच्या पत्रकात सगळे काने गेलेले.
सकाळी सुटे होऊन परत आले,
तरी नाही बसवला.
आई भांडली, लोक हसतील म्हणाली.
तर म्हणाले, राहू दे.
बरं वाटतंय."

सलोमीबाईंनी चहात बुडवलेलं बिस्कीट
तुटून तळाशी गेलं.
आम्ही दोघी कपात बघत राहिलो.

रविवारी पाळकांनी पायरीवरच विचारलं, काय ठरलं?
म्हटलं, बघू.

तिसरं कडवं आलं.
शब्द सरले,
मग तू

करंगळी पट्टीवर टेकलेली होती.
दाबली नाही.
जुन्या भात्यातून नुसती हवा गेली,
आणि मागच्या बाकाशी
कुणीतरी खाकरलं.